संगणकाची किल्ली कोणाकडे?

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात येरवडा येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



चिटणीससाहेबांनी मला ‘आधुनिक युगात संगणकाचे महत्त्व’ या विषयावर बोलावयास सांगितले आहे. विषय फार मोठा आहे आणि खरे सांगायचे तर थोडा शिळाही झाला आहे. ज्याच्या खिशात मोबाइल आहे त्याला संगणकाचे महत्त्व सांगणे म्हणजे येरवडेकराला तुरुंगाचा पत्ता सांगण्यासारखे आहे. तेव्हा महत्त्व बाजूला ठेवू. मी गेली बावीस वर्षे प्रोग्राम लिहिण्याच्या धंद्यात आहे. त्या काळात माझी काही मते बनली. त्यांतली निम्मी माझ्या सहकाऱ्यांनाही पटत नाहीत. ती तुमच्यापुढे मांडतो. पटली नाहीत तर चहाच्या वेळी खुशाल भांडा. परंतु संस्थेपुढे आज एक खराखुरा प्रश्न उभा आहे, तेथूनच सुरुवात करतो.

आपल्या शाळेच्या प्रयोगशाळेत बावीस संगणक आहेत. तुमच्यापैकी अनेकांच्या देणगीतून ते घेतले गेले. त्यांवर विंडोज १० चालते. मायक्रोसॉफ्टने ती जुलै २०१५ मध्ये बाजारात आणली आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी तिची नेहमीची देखभाल थांबवली. देखभाल थांबली म्हणजे यंत्र बंद पडले असे नव्हे. चोराला आत शिरता येईल अशी एखादी फट सापडली, तर ती बुजवायला कंपनी आता येणार नाही, एवढाच त्याचा अर्थ. काही अटींवर किंवा पैसे भरून थोडी मुदत वाढवून मिळते, पण ती तात्पुरती. पुढची विंडोज ११ आपल्या मशीनवर रीतसर बसत नाही. तिला टीपीएम नावाची सुरक्षेची सोय हवी आणि साधारण २०१७ नंतरचा प्रोसेसर हवा. विक्रेत्याने बावीसच्या बावीस मशीन भंगारात काढायला सांगितले आणि नव्यांचे अंदाजपत्रक दिले, ते आठ लाखांच्या घरात आहे.

मी ही मशीन उघडून पाहिली. दोघांचे पॉवर सप्लाय गेले आहेत, पंख्यांत धूळ बसली आहे आणि तीन कीबोर्डांवरची अक्षरे मुलांनी झिजवली आहेत, जे शाळेला भूषणावह आहे. बाकी यंत्रे ठणठणीत आहेत. मग ती भंगार कशी ठरली? ती बिघडली नाहीत. कोठे तरी दूर बसून कोणी तरी एक तारीख ठरवली. आज मला जे काही सांगावयाचे आहे ते या तारखेभोवतीच फिरते आहे.

ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे काय, हे पालकांसाठी थोडे सांगतो. मुलांनी तेवढा वेळ जांभई द्यायला हरकत नाही. आपल्या वस्तीतला सामाईक नळ आठवा. पाणी एकच, वेळ ठरलेली, हंडे पन्नास. कोणी तरी एक खमकी बाई रांग लावते. कोणाचा हंडा आधी, कोणी दोन बादल्या भरून बाजूला व्हायचे, कोणी घुसखोरी केली तर त्याची कळशी उचलून बाहेर ठेवायची, हे ती ठरवते. संगणकातही तसेच आहे. प्रोसेसर आणि मेमरी मोजकीच, आणि त्यांवर हक्क सांगणारे प्रोग्राम पुष्कळ. एक गाणे वाजवतो, एक पत्र लिहितो, एक इंटरनेटवरून काही आणतो. ऑपरेटिंग सिस्टीम त्यांची रांग लावते, प्रत्येकाला सेकंदाचा बारीकसा तुकडा देते आणि एकाने दुसऱ्याच्या भांड्यात हात घालू नये म्हणून पहारा करते. नळावरची ती बाई पक्षपाती निघाली तर वस्तीत काय होते, ते तुम्हांला ठाऊक आहे. आता अशी कल्पना करा की ती बाई आपल्या वस्तीतली नाही, तिचे नियम कोणत्या वहीत लिहिले आहेत ते कोणाला पाहता येत नाही, आणि एके दिवशी ती म्हणते की जुने हंडे चालणार नाहीत, सर्वांनी नवे आणा. आपली प्रयोगशाळा आज नेमकी येथे उभी आहे.

येथून जेल रोड हाकेच्या अंतरावर आहे. या तुरुंगात गांधीजी अनेकदा होते आणि १९३२ चा पुणे करार येथेच झाला, हे शाळेतल्या मुलांनाही माहीत असते. पण येरवड्याच्या नावाचे एक यंत्रही आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. १९३० च्या सुमारास गांधीजींनी याच तुरुंगात चरख्यावर पुष्कळ डोके चालवले. दोन चाकांचा, घडी घालून पेटीत मावणारा आणि हातात धरून कोठेही नेता येणारा पेटीचरखा त्यातून घडत गेला. त्याला ‘येरवडा चक्र’ असे नाव पडले. पेटी उघडली की सगळे भाग डोळ्यांसमोर असतात. माळ तुटली तर दुसरी लावता येते, चाती वाकली तर सरळ करता येते. सुताराने एकदा पाहिला की त्याला दुसरा करता येतो.

त्याच्या थोडे आधी, १९२९ मध्ये, अखिल भारतीय चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले होते. त्या काळचे एक लाख! त्याच्या अटी प्रत्येक इंजिनिअरने वाचाव्यात अशा आहेत. किंमत दीडशे रुपयांहून अधिक नसावी. बाईलाही फारसे श्रम न पडता आठ तास चालवता यावा. वेळोवेळी देखभाल केली तर किमान वीस वर्षे चालावा, आणि देखभालीचा वार्षिक खर्च किमतीच्या शेकडा पाचाहून अधिक होऊ नये. जिंकणाऱ्याने पेटंटाचा हक्क संघाला द्यावा. किर्लोस्करांच्या कारखान्यातही त्यासाठी एक चरखा तयार झाला होता. बक्षीस कोणालाच मिळाले नाही, कारण सर्व अटी पुऱ्या करणारे यंत्र कोणालाच जमले नाही. पण विचारलेले प्रश्न किती सरळ होते पाहा. किती वर्षे चालेल? दुरुस्त कोण करील? हक्क कोणाकडे राहील? आठ लाखांचे अंदाजपत्रक घेऊन आलेल्या विक्रेत्याला यांतला एकही प्रश्न विचारला गेला नाही. मी समितीवर टीका करत नाही. संगणकाच्या बाबतीत असे प्रश्न विचारायचे असतात, हे आपल्याला कोणी शिकवलेलेच नाही.

प्रोग्राम हा आधी माणसाला वाचता येईल अशा भाषेत लिहिलेला असतो. त्याला सोर्स कोड म्हणतात. नंतर तो यंत्राला कळणाऱ्या आकड्यांत बदलतात. बहुतेक कंपन्या तुम्हांला फक्त ते आकडे देतात आणि मूळ वही स्वतःच्या कपाटात ठेवतात. बिर्याणी विकायची आणि कृती द्यायची नाही, हा धंद्याचा रिवाज आहे. त्यात गुन्हा काही नाही. परंतु १९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमन नावाच्या अमेरिकन प्रोग्रामरने निराळा आग्रह धरला. प्रोग्राम वापरणाऱ्याला तो वाचण्याचा, बदलण्याचा आणि शेजाऱ्याला त्याची प्रत देण्याचा हक्क असला पाहिजे, असे तो म्हणाला, आणि तशी संपूर्ण ऑपरेटिंग सिस्टीम लिहायचे काम त्याने हाती घेतले. १९९१ मध्ये हेलसिंकीच्या विद्यापीठातल्या लिनस तोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने तिच्या गाभ्याचा, म्हणजे कर्नलचा, भाग लिहून लोकांपुढे ठेवला. दोन्ही मिळून जे झाले त्याला लोक लिनक्स म्हणतात. पुढे हजारो लोकांनी त्यात भर घातली. त्यांत पुण्यात बसून काम करणारे आहेत, आणि काही तर आपल्या येरवडा-कल्याणीनगरच्या काचेच्या इमारतींतून संध्याकाळी रिक्षा शोधताना तुम्हांला दिसतही असतील.

‘फुकटची वस्तू, तिचा भरवसा काय?’ असे एका पालकांनी मला बाहेर विचारले. जगातले सर्वांत वेगवान पाचशे महासंगणक मोजले जातात, ते नोव्हेंबर २०१७ पासून सर्वच्या सर्व लिनक्सवर चालतात. अमेरिकेने महासंगणक देण्यास खळखळ केल्यावर आपल्या पुण्यात १९८८ मध्ये सी-डॅक ही संस्था निघाली आणि १९९१ मध्ये तिने ‘परम’ हा महासंगणक उभा केला. त्या घराण्याचे आजचे परमही लिनक्सवरच चालतात. आणि ज्यांनी मला हा प्रश्न विचारला त्यांच्या हातात अँड्रॉइड फोन होता. अँड्रॉइडचा कर्नल लिनक्सचाच आहे. ते गृहस्थ गेली कित्येक वर्षे रोज लिनक्स वापरत आहेत.

आता एक नाजूक गोष्ट बोलतो. हलाल-हरामची चौकशी आपण खाटकाच्या दुकानात करतो, संगणकाच्या दुकानात करत नाही. अनेक ठिकाणी विंडोज आणि ऑफिस यांच्या चोरीच्या प्रती बसवलेल्या असतात, आणि बसवून देणारा पाचशे रुपये घेऊन ‘ओरिजिनलसारखेच चालते’ असे म्हणतो. मी मुफ्ती नाही, फतवा देणार नाही. धंद्याच्या दृष्टीने एवढेच सांगतो की अशा प्रतींबरोबर पुष्कळदा पाहुणेही येतात, आणि ते पाहुणे तुमचा पासवर्ड घेऊन जातात. ज्या शाळेत मुलांना प्रामाणिकपणाचा धडा शिकवला जातो, तेथे प्रयोगशाळेतले पहिले साधनच चोरीचे असावे, हे मला बरे दिसत नाही. लिनक्सची प्रत दुसऱ्याला देणे हा गुन्हा तर नाहीच, उलट लिहिणाऱ्याची तशी इच्छाच आहे.

हरकतीही ऐकून घेऊ. पहिली हरकत एमएस-सीआयटीची. (येथे कंसात सांगतो: या नावातले ‘एमएस’ म्हणजे महाराष्ट्र स्टेट. ते मायक्रोसॉफ्टचे संक्षिप्त रूप आहे अशी पुष्कळांची समजूत आहे, आणि अभ्यासक्रम पाहिला तर तिचे फार नवलही वाटत नाही.) सरकारी नोकरीसाठी हे प्रमाणपत्र लागते. २००१ पासून लाखो मुलांनी ते घेतले आणि त्यातून अनेकांची भीती गेली, याबद्दल मला आदर आहे. दुसरी हरकत टॅलीची. बी. कॉम. झालेल्या मुलाला लक्ष्मी रोडवरच्या दुकानात नोकरी हवी असेल तर त्याला टॅली आलीच पाहिजे, आणि टॅली विंडोजवर चालते. या दोन्ही हरकती खऱ्या आहेत. म्हणून माझी सूचना अशी आहे की सहा नवी मशीन रीतसर विंडोजसह घ्यावीत आणि ती एमएस-सीआयटी व टॅलीसाठी राखून ठेवावीत. राहिलेल्या जुन्या मशीनवर लिनक्स बसवावे. प्रत्येकात जुनी हार्ड डिस्क काढून छोटी एसएसडी टाकली, तर ती नव्या मशीनला लाजवतील असे मी म्हणत नाही, पण मुले कंटाळून उठून जाणार नाहीत इतकी चपळ नक्की होतील. वाचलेल्या पैशांत किती मुलींची फी निघेल, याचा हिशेब खजिनदारांनी करावा. तो मी करून दाखवला तर त्यांना राग येईल.

हे काही माझ्या डोक्यातून निघालेले खूळ नाही. केरळने २००१ मध्ये शाळांतून ‘आयटी अ‍ॅट स्कूल’ हा उपक्रम सुरू केला आणि काही वर्षांतच तो मुक्त सॉफ्टवेअरवर नेला. मलप्पुरमच्या शाळांतली आपली मुले-मुली वर्षानुवर्षे लिनक्सवरच शिकली आणि परीक्षा देऊन पुढे गेली. त्यांना नोकरीत विंडोज समोर आली तेव्हा ती आठवड्याभरात येऊ लागली. ज्याला पोहता येते त्याला विहीर बदलली म्हणून बुडायला होत नाही. आपण मात्र मुलांना एका विहिरीच्या पायऱ्या पाठ करून देतो. ‘इन्सर्ट’वर क्लिक करा, मग ‘टेबल’वर क्लिक करा. पुढच्या वर्षी कंपनीने पायरी हलवली की मूल गोंधळते.

भाषेबद्दल बोललो नाही तर माझ्या अब्बांचा आत्मा अस्वस्थ होईल. ते कातिब होते. उर्दू पुस्तकांची पाने बोरूने लिहीत. नस्तालिक लिपी सरळ रेषेत चालत नाही, ती उजवीकडून डावीकडे उतरत येते आणि प्रत्येक अक्षर शेजाऱ्याप्रमाणे रूप बदलते. टाइपरायटरला ती कधी जमलीच नाही. पाकिस्तानात मिर्झा अहमद जमील यांनी हजारो जोडाक्षरे हाताने काढून मोनोटाइप कंपनीबरोबर १९८१ मध्ये ‘नूरी नस्तालिक’ तयार केले. १९९४ मध्ये दिल्लीच्या एका कंपनीने ‘इनपेज’ आणले आणि उर्दू छपाईचे रूपच पालटले. कातिबांची रोजी गेली, पण उर्दू संगणकात आली. तक्रार निराळी आहे. जुन्या इनपेजच्या फायली इनपेजशिवाय कोठे सरळ उघडत नाहीत. मराठीचेही तेच झाले होते. प्रत्येक फॉन्टवाल्याचे अक्षरांचे आकडे निराळे, त्यामुळे एका मशीनवरचे निमंत्रण दुसऱ्यावर उघडले की किडे-मुंग्या दिसत. आपल्या या स्मरणिकेच्या वीस वर्षांपूर्वीच्या फायली कोणी जपल्या असतील तर त्यांनी आज उघडून पाहाव्यात. लेखक आपले, मजकूर आपला आणि किल्ली दुसऱ्याकडे, असा तो प्रकार आहे. युनिकोडने आता प्रत्येक अक्षराला जगभर एकच आकडा दिला आहे. म्हणून जे काही लिहाल ते युनिकोडमध्ये लिहा, मराठी असो की उर्दू.

या संकेतांच्या बैठकीत आपली भाषा जाणणारा माणूस बसलेला असावा लागतो. देवनागरी म्हणजे हिंदी, असे धरून चालणाऱ्या माणसाला आपला अर्धा ‘र’ कळत नाही. ‘आचाऱ्याला बोलवा’ आणि ‘आचार्याला बोलवा’ यांत एक काडीचा फरक, पण लग्नाच्या मांडवात भलताच माणूस येऊन उभा राहील! पूर्वी कित्येक प्रोग्रामांना हा फरक लिहिता येत नसे. कोणी तरी मराठी माणसाने तक्रार केली, पत्रे लिहिली, तेव्हा ते सुधारले.

विद्यार्थ्यांनो, ‘कोणी तरी’ हे मोठे माणूस असावे लागते असे नाही. बांगलादेशात मैमनसिंगच्या मेडिकल कॉलेजात मेहदी हसन खान नावाचा मुलगा शिकत होता. बंगाली सहज टाइप करता येत नाही म्हणून त्याने डॉक्टरकीचा अभ्यास सांभाळून स्वतःच प्रोग्राम लिहिला आणि २००३ मध्ये ‘अभ्र’ या नावाने तो सर्वांना मोफत दिला. पुढे मित्र येऊन मिळाले. आज लाखो लोक त्यावर बंगाली लिहितात. २०२५ मध्ये त्या देशाने ‘एकुशे पदक’ हा मोठा सन्मान त्याला आणि त्याच्या सहकाऱ्यांना एकत्र दिला. त्याच्याकडे कोणत्याही कंपनीची नोकरी नव्हती. एक गैरसोय होती आणि ती सहन न करण्याचा हट्ट होता.

आपल्या सभांत अल-ख्वारिझ्मीचे नाव घेतले की टाळ्या पडतात. ‘अल्गोरिदम’ हा शब्द त्याच्या नावावरून आला हे खरेच आहे. पण टाळ्यांच्या गडबडीत त्याने काय केले ते राहून जाते. नवव्या शतकात बगदादेत बसून त्याने हिंदुस्थानातून आलेली अंकगणिताची रीत समजावून लिहिली. त्याच्या ‘अल-जब्र’च्या ग्रंथाचा मोठा भाग वारसाहक्काच्या वाटण्यांचा आहे: माणूस वारला, मागे बायको, मुले, आई आणि थोडे कर्ज आहे, तर कोणाला किती? त्याने रीत पायरी-पायरीने अशी लिहिली की ज्या बहिणीचा वाटा कमी निघाला तिला किंवा तिच्या वकिलाला आकडा तपासून पाहता यावा. आज आपल्या मुलांना कोणता व्हिडिओ दिसावा आणि कर्जाचा अर्ज कोणाचा नाकारावा, हेही अल्गोरिदमच ठरवतात. फक्त तपासायला ते कोणी देत नाही.

येथून मी फोनकडे वळतो, कारण पालकांची खरी काळजी तीच आहे.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाडा गावी पाच माणसांना जमावाने ठेचून मारले. ते डवरी गोसावी समाजातले, भिक्षा मागत फिरणारे गरीब लोक होते. मुले पळवणारी टोळी आली आहे, अशी अफवा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत होती, तेवढेच त्यांच्या मरणाला पुरले. त्यानंतर सरकारचा दबाव आला आणि त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक मजकूर एका वेळी पाचांपेक्षा अधिक ठिकाणी पुढे पाठवता येणार नाही अशी मर्यादा घालायला सुरुवात केली. एप्रिल २०२० मध्ये, फार फिरलेला मजकूर एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असे केले, आणि अशा मजकुराची फिरती शेकडा सत्तरने घटली असे कंपनीनेच सांगितले. प्रोग्रामर म्हणून मी या गोष्टीकडे वारंवार पाहतो. प्रोग्राममध्ये कोठे तरी एक आकडा असतो. तो शंभर असला तर अफवा एका रात्रीत जिल्हा ओलांडते, पाच असला तर धापा टाकते. तो आकडा कोणी तरी खुर्चीत बसून लिहिलेला होता आणि तो बदलता येत होता. बदलायला इतकी माणसे का मरावी लागली, हे विचारणे आपल्या हातात आहे.

आपल्या पुण्याला तर हे दुसऱ्याच्या गावचे उदाहरणही लागत नाही. २ जून २०१४ च्या रात्री, फेसबुकवरच्या विटंबनेच्या चित्रांवरून शहर पेटलेले असताना, हडपसरला नमाजहून परतणाऱ्या आपल्यातल्या एका तरुणाला जमावाने मारले. तो संगणकाच्याच क्षेत्रात काम करत होता. त्या चित्रांशी त्याचा काडीमात्र संबंध नव्हता. मी येथे अधिक बोलत नाही. त्याच्या वयाची मुले तुमच्यापैकी अनेकांच्या घरी आहेत.

आणि मुलींचे काय? १ जानेवारी २०२२ रोजी, नववर्षाच्या दिवशी, शंभराहून अधिक मुस्लिम स्त्रियांची छायाचित्रे ‘लिलावा’साठी इंटरनेटवर मांडलेली आढळली. पत्रकार, लेखिका, कार्यकर्त्या होत्या त्या. आदल्या वर्षीच्या जुलैतही असेच घडले होते. त्या प्रोग्रामांची नावे शिवीसारखी आहेत, मी ती या व्यासपीठावरून उच्चारणार नाही. मला झोप आली नाही ती दोन कारणांनी. एक, ज्या ठिकाणी जगभरचे प्रोग्रामर आपले खुले काम ठेवतात, जेथे मीही ठेवतो, त्याच ठिकाणी ते ठेवलेले होते. दुसरे, पकडल्या गेलेल्यांत विशी-एकविशीचे इंजिनिअरिंगचे विद्यार्थी निघाले. म्हणजे हुनर होते. तेव्हा मी सांगितलेल्या खुलेपणातून आपोआप भलेपणा येतो, असे मात्र समजू नका.

पण त्या आठवड्यात आपल्या समाजात घरोघर काय झाले? मुलींच्या हातचे फोन काढून घेतले गेले. डीपीवरून चेहरे उतरले. मला ती भीती समजते, मलाही एक मुलगी आहे. तरी मी याच्या विरुद्ध आहे, आणि हे माझे पक्के मत आहे. लिलाव करणाऱ्यांना नेमके हेच हवे होते. त्या स्त्रियांपैकी कित्येकींनी तोंड लपवले नाही, पोलिसांत तक्रारी केल्या, आणि मुंबई पोलिसांच्या सायबर शाखेने काही दिवसांतच माणसे पकडली. फोन काढून घेतलेल्या मुलीला ना तक्रार करता येते ना प्रोग्राम लिहिता येतो. तिच्या भावाच्या हातात मात्र तो राहतोच, आणि त्याला कोणी विचारत नाही की तू रात्री काय पाहतोस. फोन द्यायचा की नाही, यावर घरात वाद होतो. फोनमध्ये काय चालू ठेवायचे, यावर होत नाही. संध्याकाळी मुलीजवळ आणि मुलाजवळ बसून सेटिंग उघडा. कोणत्या अ‍ॅपला कॅमेरा, कोणत्याला ठिकाण, कोणत्याला संपर्कांची यादी दिली आहे ते पाहा. टॉर्चच्या अ‍ॅपने तुमच्या नातेवाइकांचे नंबर मागितले असतील तर ते का, हे मुलीला विचारा. तिला तुमच्यापेक्षा आधी कळेल. पैशांची फसवणूक झाली तर लाजेने दोन दिवस गप्प बसू नका, १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करा. पहिल्या काही तासांत पैसे अडवता येण्याची शक्यता अधिक असते. आणि पोलिसाचा गणवेश घालून व्हिडिओ कॉलवर कोणी ‘डिजिटल अटक’ केली, तर तशी अटक आपल्या कायद्यात नाही, हे आजी-आजोबांना आजच रात्री सांगा.

शेवटी पुन्हा प्रयोगशाळेचा मुद्दा. कार्यकारिणीने निर्णय घ्यावयाचा आहे आणि मी तिचा सभासद नाही. माझी विनंती एवढीच की भंगारवाल्याला बोलावण्यापूर्वी दोन मशीन मला द्या. येत्या रविवारी सकाळी दहा वाजता मी पेनड्राइव्ह घेऊन येतो. नववी-दहावीतल्या ज्या मुलामुलींना यायचे असेल त्यांनी यावे. निम्म्या मुली असाव्यात, असे मी मुख्याध्यापिकाबाईंशी आधीच बोललो आहे. पेचकस शाळेत एकच आहे, म्हणून ज्यांच्या घरी आहे त्यांनी तो आणावा. मशीन मी उघडणार नाही, मुले उघडतील. धूळ झाडायला एक जुना रंगाचा ब्रश लागेल. दुपारच्या जुहरपर्यंत दोन्ही सुरू होतील अशी माझी अपेक्षा आहे. नाही झाल्या तर ‘का नाही झाल्या’ हे मुले फळ्यावर लिहून ठेवतील आणि त्या पुढच्या रविवारी आम्ही पुन्हा बसू. पालकांपैकी कोणाला पाहायला यायचे असेल तर अवश्य या. खुर्च्या आहेत, चहा मात्र तुमचा.

खुदा हाफिज.